तुमचा अवतार बदला!

मागच्या अंकात सहज लिहून गेले होते की देवाधर्माचे संस्कृत शब्द आता फोनवर, ऑफिसात, बातम्यांत कुठेकुठे भेटतात ते कळवा, तर एवढी पत्रं आणि मेल आलेत की निवडता निवडता नाकी नऊ आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून सगळ्यांचीच नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: परवा नातू माझा फोन घेऊन म्हणाला, "आजी थांब, तुझा अवतार बनवतो." मी नुकतीच भांडी घासून उठले होते, केस विस्कटलेले, पदर खोचलेला. म्हटलं, "मेल्या, अवतार झालाच आहे माझा, तू आणखी काय बनवणार!" तर त्याने चष्मा आणि अंबाडा असलेलं माझं बाहुलं काढून दाखवलं. हा अवतार आणि दशावतारातला अवतार एकच का? आणि मग गबाळ्या माणसाला आपण अवतार का म्हणतो? (एक आजी, सांगली)

उत्तर: आजी, तिन्ही एकच. 'अव' म्हणजे खाली आणि 'तॄ' म्हणजे पार जाणं, तरून जाणं, तर अवतार म्हणजे वरून खाली उतरणं. आपलं उतरणं, उतार, तरणं हे सगळे त्याच धातूचे, आणि तीर्थसुद्धा, कारण तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायची जागा. गंमत अशी की अवतार म्हटलं की आपल्याला "यदा यदा हि धर्मस्य" आठवतं, पण त्या दोन श्लोकांत अवतार हा शब्दच नाही, तिथे "सृजाम्यहम्" आहे आणि "संभवामि" आहे.

इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या शेवटाला गेला, ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब लोक आपली पुराणं वाचायला लागले तेव्हा. कॉम्प्युटरमध्ये शिरला तो १९८५-८६ च्या सुमाराला. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट या माणसाचा एक गेम आला, अल्टिमा मालिकेतला चौथा, त्यात खेळणाऱ्याने आठ सद्गुण कमावले की तो 'अवतार' होतो, म्हणजे बघा, आपल्याकडे देव खाली उतरतो आणि यांच्याकडे माणूस वर चढतो, उलटाच प्रकार. पण तुमच्या नातवाचा अवतार आला दुसरीकडून. लुकासफिल्मच्या गेम विभागाने १९८६ च्या आसपास हॅबिटॅट नावाचा गेम केला, कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर, टेलिफोनच्या लायनीवरून अनेक जण एकाच वेळी खेळायचे. त्यात पडद्यावर फिरणाऱ्या तुमच्या बाहुल्याला गेम बनवणाऱ्या चिप मॉर्निंगस्टारने अवतार म्हटलं. विचार केला तर नाव चपखल बसतं, कारण तुम्ही वर खुर्चीत बसलेले असता, खालच्या त्या दुनियेत तुमचं एक रूप उतरतं, आणि तिथे त्याचं काय वाट्टेल ते झालं तरी तुमच्या केसाला धक्का लागत नाही.

आता गबाळा अवतार. हे मात्र खास आपलं काम. मला वाटतं अवतार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चारचौघांसारखं रूप येतच नाही. नरसिंह घ्या, वराह घ्या, कोकणात दशावतारी नाटकात रंग फासून जे येतात ते घ्या. मग जो कोणी वेगळाच दिसेल त्याला "काय हा अवतार!"

यावरून माझीच एक फजिती सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एका कंपनीच्या फोनचं मराठी भाषांतर तपासायचं काम माझ्याकडे होतं. नुसती वाक्यं यायची, एक्सेलच्या रांगेत, एकेक, मागचं पुढचं काही नाही. त्यात एक वाक्य होतं, "तुमचा अवतार बदला". माझ्या आईच्या तोंडी हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलेलं, फक्त 'तुझा'. त्याच्याखाली होतं, "तुमचा अवतार सर्वांना दिसेल." आणि त्याच्याखाली, "अवतार संपला". म्हणजे डिलीट झाला असं म्हणायचं होतं त्यांना, पण साधुपुरुष गेला की आपण अवतार संपवला म्हणतो ना! मी सरळ "चित्र बदला" सुचवलं. उत्तर आलं की आमच्या शब्दयादीत अवतार फिक्स आहे, बदलता येणार नाही. शेवटी 'संपला'चं 'काढून टाकला' करायला तेवढे राजी झाले, बाकी तसंच छापून गेलं.

प्रश्न: आमच्या टीममध्ये सगळे 'योगा' करतात आणि कोणाचं वाईट झालं की 'कर्मा' म्हणतात. मी दर वेळी 'योग', 'कर्म' असं सुधारून सांगतो तर मलाच हसतात. मी चूक आहे का? (हिंजवडी)

उत्तर: चूक नाही पण सोडून द्या, मीही सोडलंय, कारण माझी सूनच 'योगाला' जाते आणि मी तिची पोर सांभाळते.

हे होतं रोमन स्पेलिंगमुळे. शेवटी ए लिहिलेला असतो, इंग्रज तो अर्धवट उच्चारतो आणि आपण त्याचा चांगला दीर्घ आ करतो. पण आपणही फार सोवळे नाही बरं का. संस्कृतात योग या शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व अ नीट म्हणायचा असतो, कन्नड-तेलुगूवाले अजून म्हणतात, मराठीने तो कधीच गिळलाय, आपण योग् असंच बोलतो. तेव्हा मूळ उच्चार ना तुमच्याकडे, ना टीमकडे.

पण मला या भानगडीत वेगळंच काही दिसतं. आता मराठीत कर्म आणि कर्मा असे दोन शब्द झालेत आणि त्यांचे अर्थ एक नाहीत. "कर्म माझं!" हे आपण कपाळाला हात लावून म्हणतो, त्यात दोष स्वतःच्या नशिबाचा. कर्मकटकट, कर्मदरिद्री, सगळा सूर तोच. आणि सहज काही घडलं तर त्याला कर्मधर्मसंयोगाने! नुसत्या 'चुकून भेटलो'साठी एवढे तीन वजनदार शब्द खर्च करणारी भाषा आपली. 'कर्मा' मात्र नेहमी दुसऱ्याचा असतो. ज्याने आपलं प्रमोशन खाल्लं त्याचा प्रोजेक्ट बंद पडला की तो कर्मा. "कर्मा माझा!" असं कपाळाला हात लावून कोणी म्हणेल का? तसंच योग. "कधी भेटायचा योग येणार?" इथे योगा टाकून बघा, समोरचा चटई घेऊन येईल.

इंटरनेटवर तर कर्माचे चक्क आकडे झाले. स्लॅशडॉट नावाच्या साइटने १९९० च्या दशकाच्या शेवटाला सभासदांच्या गुणांना कर्म म्हणायला सुरुवात केली आणि २००५ ला निघालेल्या रेडिटवर ते घरोघरी झालं. चांगलं लिहिलं की लोक वर ढकलतात, तुमचं कर्म वाढतं, वाईट लिहिलं की उतरतं. चित्रगुप्ताची वही सगळ्यांना उघडी, आणि हिशोबासाठी मरायची वाट बघायला नको.

प्रश्न: जाहिरातीत डाग घालवण्याचा 'मंत्र', केसगळतीचे 'गुरू', सेलचा 'महायज्ञ'. पवित्र शब्दांची ही विटंबना नाही का? सरकारने यावर काही करायला नको का? (डोंबिवली)

उत्तर: सरकारला दुसरी कामं आहेत. आणि विटंबनाच म्हणायची तर आधी आपल्या आज्यांवर केस घालावी लागेल. देवापुढचा प्रसाद, पण गुरुजींनी छडी हाणली की "आज चांगला प्रसाद मिळाला". तीर्थ, पण पिऊन आलेला माणूस "तीर्थ घेऊन आलाय". लग्न झालं की चतुर्भुज, नोकरीवरून काढलं की हातात नारळ, नकार दिला की वाटाण्याच्या अक्षता, पाल्हाळ लावलं की पुराण, पैसे बुडाले की स्वाहा, गोंधळ झाला की थेट ब्रह्मघोटाळा. शेवटी इतिश्री. यातलं एकही जाहिरात कंपनीने केलेलं नाही, सगळं ओसरीवर आणि माजघरात झालंय, आणि ज्यांनी केलं ती माणसं रोज सोवळ्यात पूजा करणारी होती. घरचा देव आहे, घरच्यासारखीच थट्टा.

मला जाहिरातींचं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. त्यात थट्टाही नसते. 'यशाचा मंत्र' लिहिणारा गंभीर चेहऱ्याने लिहितो, आणि खाली असतं काय तर सकाळी लवकर उठा. आपल्याकडे त्याला कानमंत्र म्हणायची सोय होती, कोणीतरी जवळ येऊन हळूच सांगितलेली युक्ती. होर्डिंगवर वीस फुटी अक्षरात कसला आलाय कानमंत्र!

प्रश्न: क्रिकेटच्या इंग्रजी कॉमेंट्रीत तज्ज्ञाला 'पंडिट' म्हणतात. आपलेच पंडित ना? असे आणखी कोण गेलेत तिकडे? (नागपूर)

उत्तर: आपलेच. कंपनीच्या कोर्टांत हिंदू कायदा काय म्हणतो ते साहेब जज्जाला सांगायला पगारी पंडित असायचे, कंपनी गेल्यावरही १८६४ पर्यंत होते. विचारलं की मत देणारा जाणकार माणूस, तिथून पुढे कुठल्याही विषयावर मत देणारा, आणि आता न विचारता देणारा. रामदासांनी पढतमूर्खाची लक्षणं लिहून ठेवलीत ती काही चॅनलवाल्यांना लागू पडतात, पण ते असो.

मला पंडित म्हटलं की नैनसिंह रावत आठवतात. कुमाऊंमधले, जोहार खोऱ्यातले, शाळामास्तर. तिबेटात परक्यांना बंदी होती आणि ब्रिटिशांच्या सर्व्हे खात्याला नकाशा हवा होता, म्हणून डेहराडूनला शिकवून तयार करून १८६५ मध्ये यांना यात्रेकरूच्या वेषात पाठवलं. शाळामास्तर म्हणून त्यांचं गुप्त नावच 'पंडित'. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची! दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळेचा एक फेरा झाला की दहा हजार पावलं. बघणाऱ्याला वाटावं काय भक्ती आहे, आणि हा माणूस अंतर मोजतोय. दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र, त्यात मंत्राच्या कागदाऐवजी मोजमापांच्या चिठ्ठ्या. पाणी किती तापमानाला उकळतं ते बघून उंची काढायचे. ल्हासा नक्की कुठे आणि किती उंचावर आहे हे असं चालत चालत काढलं त्यांनी, आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं. आज आपण मनगटावर बांधून दहा हजार पावलं मोजतो ना, रात्री नऊला घरातल्या घरात फेऱ्या मारून टार्गेट पूर्ण करतो, तेव्हा मला ती माळ आठवते.

आणि तुम्ही नागपूरकर म्हणून एक खास तुमच्यासाठी. मंत्र म्हणजे विचार, सल्ला, तो देणारा मंत्री. हा मंत्री मलय भाषेत जाऊन 'मंतेरी' झाला, पोर्तुगीजांनी तो उचलून 'मंदारिम' केला आणि चीनच्या अंमलदारांना लावला, मग त्या अंमलदारांची भाषा मँडरिन आणि चीनकडून आलेलं सैल सालीचं संत्रंही मँडरिन. नागपुरी संत्रं त्याच जातीचं. म्हणजे मुंबईच्या मंत्रालयात आणि तुमच्या बागेत शब्द एकच टांगलाय. कुठला जास्त गोड हे अधिवेशनाच्या दिवसांत तुम्हीच ठरवा.

प्रश्न: सुपरकॉम्प्युटरला 'परम', क्षेपणास्त्राला 'ब्रह्मोस', ही नावं धार्मिक म्हणायची का? कॉलेजात यावर जोरदार वाद झालाय. (ठाणे)

उत्तर: ब्रह्मोसचा वाद मिटवून टाकते. त्यात ब्रह्मदेव नाही, ब्रह्मास्त्रही नाही, दोन नद्या आहेत. आपली ब्रह्मपुत्रा आणि रशियाची मॉस्क्वा, दोन देशांनी मिळून बनवलं म्हणून. अर्थात ब्रह्मपुत्रेत ब्रह्मा आहेच, तेव्हा ज्याने पैज लावली त्याला अर्धे पैसे द्या.

परम पुण्याचा. अमेरिकेने हवा तसा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था निघाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. परम म्हणजे सर्वात वरचा, परमेश्वरातला, आणि त्याच वेळी 'पॅरलल मशीन'चं लघुरूप. ही दुहेरी शिलाई मला फार आवडते, कारण ती ओढूनताणून केल्यासारखी वाटत नाही. पुढे मात्र हात सैल सुटला, वाराणसीला परम शिवाय, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म, मग सी-डॅकचाच ऐरावत, जो २०२३ मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरच्या यादीत ७५ वा होता. पाषाणला हवामानवाल्यांकडे प्रत्युष होता, आता अर्क आहे, म्हणजे दोन्हीकडे सूर्य, पाऊस कधी येणार ते सूर्याला विचारायचं.

यान घ्या. महायान, वज्रयान म्हणताना यान म्हणजे तरून जायचा मार्ग, वाहन. चंद्रयान म्हणताना खरंखुरं वाहन. आणि चंद्रावर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या गाडीचं नाव प्रज्ञान, "प्रज्ञानं ब्रह्म" या महावाक्यातलं. आता हे धार्मिक का? बौद्ध, जैन, वैदिक सगळ्यांनीच हे शब्द वापरलेत. प्रार्थना म्हणून कोणी ठेवलं असेल, कोणी नुसतं भारदस्त वाटतं म्हणून. यंत्राला फरक पडत नाही, ते रुसत नाही.

प्रश्न: रेल्वेच्या 'कवच'चा रामरक्षेशी संबंध आहे का? घरी रोज तिन्हीसांजेला म्हणतो. (भुसावळ)

उत्तर: शब्द तोच, चिलखत. स्तोत्रांत कवच हा एक प्रकारच आहे, शरीराचा एकेक भाग एकेका नावाच्या स्वाधीन करायचा. "शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः", पुढे डोळे कौसल्येय बघणार, कान विश्वामित्रप्रिय, असं करत पायापर्यंत. माझा भाचा नेटवर्क सिक्युरिटीत आहे, तो म्हणतो मावशी ही तर आमची लिस्ट, कुठल्या दारावर कोणता पहारेकरी. रेल्वेचं कवच एवढं सविस्तर नाही, लाल सिग्नल ओलांडायला निघालात तर आपण होऊन ब्रेक लावतं. दोन्ही चालू ठेवा.

प्रश्न: मी बँकॉकला असतो. इथे टीव्हीला 'थोरथात' म्हणतात, तो दूरदर्शन आहे असं एकाने सांगितलं. खरं की थाप? (बँकॉक)

उत्तर: शंभर टक्के खरं. दूर आणि दर्शन. थाई बोलताना शब्दाच्या शेवटची व्यंजनं आखडतात म्हणून ओळखू येत नाही. फोनला 'थोरसप' म्हणत असतील, तो दूरशब्द. गाडीला 'रोट', तो रथ, आणि आगगाडी म्हणजे 'रोट फाय', त्यात फाय म्हणजे आग, म्हणजे आपण आगीची गाडी केली आणि त्यांनी आगीचा रथ. विमानालाही कागदोपत्री आकाशयानच.

आपल्याकडेही दर्शन देवळातूनच टीव्हीत गेलं. पंढरपूरला पदस्पर्शदर्शन वेगळं आणि मुखदर्शन वेगळं, तसं टीव्ही म्हणजे कायमचं मुखदर्शन. आणि रेडिओ तर सरळ पुराणातून उचललेला, देवकीचा आठवा मुलगा तुला मारणार हे कंसाने ऐकलं ती आकाशवाणी. म्हैसूरला प्रा. गोपालस्वामींनी १९३५ मध्ये आपल्या खासगी केंद्राला हे नाव दिलं, नंतर सगळ्या देशाने घेतलं. कंसाच्या वेळी ऐकणारा एकच होता, बाकी फरक नाही.

प्रश्न: ऑफिसच्या रिपोर्टसाठी मराठी शब्द हवेत. 'बिंज वॉच' आणि 'बॉटलनेक'. कृपया 'बाटलीची मान' सांगू नका. (कोथरूड, पुणे)

उत्तर: ऑफिसच्या रिपोर्टमध्ये बिंज वॉच कशाला लागतं ते विचारत नाही. पारायण म्हणा. सात दिवसांत पोथी संपवायची तशी दोन रात्रींत सिरीज संपवायची, मध्ये उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही, आणि शेवटी उद्यापनाला पिझ्झा.

बॉटलनेकसाठी शब्द शोधायलाच नको, तयार आहे, झारीतला शुक्राचार्य. बळीराजा वामनाला दानाचं पाणी सोडायला गेला तेव्हा ते थांबवायला शुक्राचार्य बारीक होऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले, पाणी येईना, वामनाने दर्भाची काडी आत खुपसली आणि त्यांचा एक डोळा गेला. म्हणजे अरुंद तोंड, अडकलेला प्रवाह, सगळं आहे, आणि इंग्रजीत नाही ते पण आहे, की तोंड आपोआप अरुंद झालेलं नसतं, आत कोणीतरी बसलेलं असतं. फक्त मीटिंगमध्ये हा शब्द उच्चारताना ज्याच्या टेबलावर फाइल अडकलीय त्याच्याकडे बघू नका.